दोन युआनचं तिकीट : चीनच्या रेल्वेत कामाला आणि घराला निघालेल्या बाया



आज आपण जरा लांब जाणार आहोत, चीनला. चीन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? जत्रेतली खेळणी, दिवाळीच्या दिव्यांच्या माळा, केसांच्या क्लिपा, प्लास्टिकची फुलं. वस्तू आपल्या घरात आल्या, पण त्या बनवणारी बाई कोण, ती कामाला कुठून येते, सणाला घरी कशी जाते, तिची लेकरं कुणापाशी असतात, हे आपल्याला कुणी सांगत नाही. ते समजून घ्यायचं तर तिथल्या रेल्वेच्या डब्यात डोकवावं लागतं. चीनमध्ये माणसं कामासाठी, व्यापारासाठी आणि घरच्यांना भेटायला रेल्वेनं कशी फिरतात, ते आज आम्ही सांगणार आहोत. शेवटी, आपल्यातलं कुणी तिकडं निघालंच तर काय लक्षात ठेवायचं, तेही सांगू.

सण एक, गर्दी चाळीस दिवसांची

चीनमधला सगळ्यांत मोठा सण म्हणजे त्यांचं नवं वर्ष. ते चंद्राच्या तिथीवर असतं, म्हणून कधी जानेवारीत येतं, कधी फेब्रुवारीत. वर्षभर कुठंही असलं तरी त्या आदल्या रात्री घरी जेवायला बसायचं, ही तिथली रीत. आपल्याकडं गौरी-गणपतीला कोकणातले चाकरमानी गावी निघतात, तसाच सगळा देश एकाच वेळी निघतो. या प्रवासाला तिकडं ‘छुनयुन’ म्हणतात. सणाच्या साधारण पंधरा दिवस आधीपासून पंचवीस दिवस नंतरपर्यंत, असा तो चाळीस दिवसांचा हंगाम धरतात. २०२५ साली या चाळीस दिवसांत नुसत्या रेल्वेनं ५० कोटींहून जास्त फेऱ्या झाल्या.

ही माणसं कोण? मोठा भाग कामगारांचा. गाव सोडून कामधंद्याला लागलेले कामगार तिथं जवळपास ३० कोटी आहेत. कारखाने जास्त करून दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या किनाऱ्यावर, आणि गावं आतल्या डोंगराळ मुलखात. ग्वांगदोंग प्रांतात कपड्यांच्या, चपलांच्या, मोबाईलच्या कारखान्यांत लाखो तरुण मुली कामाला लागल्या. त्यांची गावं सिचुआन, हुनान, क्वेइचोउ अशा प्रांतांत. पूर्वी साध्या गाडीनं ग्वांगदोंगहून सिचुआनला जायला तीस-चाळीस तास लागायचे, आणि ते लाकडी बाकासारख्या सरळ पाठीच्या बाकावर बसून. बाक मिळाला नाही तर उभं राहून. उभ्याचं तिकीटही तिथं रीतसर मिळतं, आणि त्याचे पैसे बसणाऱ्याइतकेच पडतात.

तिकिटासाठी स्टेशनबाहेर रात्र-रात्र रांगा लागायच्या आणि दलाल काळ्या बाजारात तिकिटं विकायचे. २००८ च्या जानेवारीत ऐन सणाच्या तोंडावर बर्फाचं वादळ आलं, गाड्या ठप्प झाल्या आणि ग्वांगचोउ स्टेशनाबाहेर लाखो माणसं अडकून पडली. पुढं दोन गोष्टींनी फरक पडला. एक, २०१२ पासून सगळ्या गाड्यांना नावानिशी तिकीट सुरू झालं. ज्याचं नाव, त्याचंच ओळखपत्र, त्यानंच बसायचं. दुसरं, तिकीट इंटरनेटवर आणि मोबाईलवर मिळू लागलं. दलालांचा जुना धंदा त्यानं बराच बसला. पण ज्या वयस्क कामगारांना मोबाईल नीट चालवता येत नव्हता, त्यांची पंचाईतही झाली. सोय झाली की ती कुणापर्यंत पोचली, हे विचारावंच लागतं.

लेकरं गावाकडं का राहतात

आता कुणीही विचारेल, एवढी दगदग करून दरवर्षी घरी जाण्यापेक्षा लेकरं सोबतच का नेत नाहीत?

याचं उत्तर एका कागदात आहे. त्याला तिथं ‘हुकोउ’ म्हणतात. आपल्या रेशनकार्डासारखी ही कुटुंबाची नोंद, पण तिचं वजन त्याहून किती तरी जास्त. १९५८ च्या कायद्यानं ही पद्धत पक्की झाली. माणूस कोणत्या गावचा, शेतकरी घरातला की शहरातला, हे त्या नोंदीवर ठरायचं, आणि आई-बापाची नोंद लेकराला लागायची. गावच्या नोंदीच्या बाईनं शहरात वीस वर्षं काम केलं तरी ती कागदावर गावचीच. तिच्या मुलाला शहरातल्या सरकारी शाळेत जागा मिळणं अवघड. मिळाली तरी कॉलेजप्रवेशाची मोठी परीक्षा द्यायला सहसा नोंदीच्या गावीच परतावं लागतं. दवाखान्याच्या विम्याचंही असंच. दुसऱ्या बाजूला, गावच्या जमिनीवरचा हक्क त्याच नोंदीला बांधलेला, म्हणून ती सोडायलाही मन धजत नाही.

गेल्या काही वर्षांत नियम सैल झाले. २०१४ मध्ये शेतकरी नोंद आणि बिगरशेतकरी नोंद हा भेद काढून टाकायचं सरकारनं ठरवलं, आणि लहान शहरांत नोंद मिळणं सोपं झालं. पण बीजिंग, शांघायसारख्या मोठ्या शहरांत दार अजून किलकिलंच आहे.

म्हणून आई-बाप शहरात आणि लेकरू आजी-आजोबांपाशी, अशी घरं गावोगावी झाली. तिथल्या अखिल चीन महिला महासंघानं २०१३ साली सांगितलं, की आई किंवा बाप किंवा दोघंही बाहेरगावी आहेत अशी खेड्यातली मुलं ६ कोटींहून जास्त आहेत. २०१६ साली सरकारनं मोजायची रीत बदलली. दोघंही बाहेर असतील, किंवा एक बाहेर आणि दुसऱ्याच्यात सांभाळायची ताकद नसेल, तरच ते मूल मोजायचं. तेव्हा आकडा ९० लाखांवर आला. मैत्रिणींनो, हे मुद्दाम सांगतो आहोत. तीन वर्षांत पाच कोटी मुलांचे आई-बाप काही घरी परतले नव्हते. व्याख्या बदलली, म्हणून आकडा उतरला. आपल्या गावातही कुठला आकडा ऐकला की तो मोजला कसा, हे आधी विचारावं.

या मुलांना आई वर्षातून एकदा भेटते, आणि ती रेल्वेनं येते. त्यामुळं तिकीट मिळालं की नाही, हा तिथं नुसता प्रवासाचा प्रश्न नसतो. आई दिसणार की नाही, असा तो प्रश्न असतो.

एका आईचा फोटो

३० जानेवारी २०१० ला नानछांग शहराच्या स्टेशनावर शिनहुआ या सरकारी वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकारानं एका बाईचा फोटो काढला. पाठीवर तिच्या अंगापेक्षा मोठं बोचकं, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताच्या कवेत तान्हं लेकरू. डोळे मात्र समोर. हा फोटो सगळ्या चीनमध्ये पोचला. पण बाई कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं.

अकरा वर्षांनी, २०२१ मध्ये तिचा पत्ता लागला. तिचं नाव बामू युबुमू. ती सिचुआनमधल्या लिआंगशानच्या डोंगरातली, युएशी तालुक्यातली, यी समाजाची. हा समाज चीनमधला अल्पसंख्याक, त्यांची भाषा वेगळी. फोटोच्या वेळी ती विशीत होती. नानछांगमध्ये वीटभट्टीच्या कामाला गेली होती आणि त्या दिवशी लेकराला घेऊन घरी निघाली होती. दोन-तीन दिवसांचा प्रवास. त्याच वर्षी ते लेकरू आजारानं गेलं. जगानं फोटोत पाहिलेलं तान्हं पुढची दिवाळी पाहू शकलं नाही, असं आपल्या भाषेत म्हणता येईल.

पुढं ती गावी राहिली, तंबाखूची शेती केली, पक्कं घर झालं, बाकीची मुलं शाळेत गेली. सरकारी वर्तमानपत्रांनी तिची गोष्ट गरिबी हटल्याची गोष्ट म्हणून छापली. त्यात तथ्य आहे. पण डोंगरातल्या गावाजवळ दवाखाना असता, आणि वीटभट्टीजवळ तान्ह्या लेकराची सोय असती तर काय झालं असतं, हाही प्रश्न त्याच फोटोत आहे. आपल्याकडं ऊसतोडीला आणि वीटभट्टीवर जाणाऱ्या बायांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

दोन युआनची गाडी

त्याच डोंगरात एक वेगळी गाडीही धावते. युएशी तालुक्यातल्या पूशिओंग स्टेशनापासून पानचिहुआ शहरापर्यंत. अंतर ३५३ किलोमीटर, वेळ नऊ तासांच्या वर, आणि वाटेत वीस-पंचवीस ठिकाणी थांबा. हा रेल्वेमार्ग १९७० साली सुरू झाला. बोगदे आणि पूल एकामागून एक, कारण सगळा मुलूखच कड्या-दऱ्यांचा.

या गाडीचं तिकीट कमीत कमी दोन युआन. युआन हे तिथलं नाणं, आपल्या १२ रुपयांच्या आसपास. म्हणजे चोवीस-पंचवीस रुपयांत पुढचं स्टेशन, आणि शेवटपर्यंत गेलं तरी तीनशे-सव्वातीनशे रुपये. १९९५ नंतर किती तरी वर्षं या गाडीचं भाडं वाढवलंच नाही.

गाडीत काय असतं? भाजीच्या टोपल्या, बटाट्याची पोती, कोंबड्या, बदकं, शेळ्या, डुकरं. जनावरांसाठी डब्यात वेगळी जागा केलेली. बाया पहाटे डोंगर उतरून स्टेशनावर येतात, मोठ्या गावच्या बाजारात माल विकतात आणि परतीच्या गाडीनं मीठ-तेल, कापड, बियाणं घेऊन येतात. वसतिगृहात राहणारी शाळेची मुलं आठवड्याच्या शेवटी याच गाडीनं घरी येतात. पावसाळ्यात दरडी कोसळून रस्ते बंद होतात, तेव्हा कित्येक गावांना हाच आधार.

अशा संथ, स्वस्त गाड्या चीनमध्ये ८० च्या आसपास आहेत. तिकिटातून त्यांचा खर्च निघत नाही, तरी त्या लोकसेवा म्हणून चालवतात. डिसेंबर २०२२ मध्ये याच भागातून नवा जलद मार्ग पूर्ण झाला, युएशीलाही जलद गाडी थांबू लागली, पण जुनी गाडी बंद केली नाही. कारण जलद गाडीत शेळी नेता येत नाही, आणि ती छोट्या-छोट्या स्टेशनांवर थांबत नाही. बाजारच्या दिवशी वेळेवर पोचवणारी गाडी नसेल तर बाईचा माल दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला पडत्या भावात जातो. गाडी असेल तर भाव तिच्या हातात राहतो. दोन युआनच्या तिकिटामागं एवढं अर्थशास्त्र आहे.

याच्या दुसऱ्या टोकाला चीनच्या झपाट्याच्या गाड्या. २००८ साली बीजिंग ते त्यानचिन अशी पहिली सुरू झाली, आणि आता त्यांचं जाळं ४८ हजार किलोमीटरच्या पुढं गेलं आहे. बीजिंग ते शांघाय हे १३१८ किलोमीटर सगळ्यांत वेगवान गाडी साडेचार तासांच्या आत-बाहेर कापते. तिचं तिकीट मात्र साध्या गाडीतल्या बाकाच्या तिकिटाहून किती तरी महाग. एक दिवस वाचवायचा की पैसे, हा हिशोब तिथल्या कामगार बाईलाही करावा लागतो.

पिसांच्या बदल्यात साखर

आता व्यापाराकडं वळू. चच्यांग प्रांतात इवू नावाचं शहर आहे. शांघायहून झपाट्याच्या गाडीनं दोन तासांच्या आत. जगातला किरकोळ वस्तूंचा सगळ्यांत मोठा घाऊक बाजार इथं भरतो, गाळे ७५ हजारांच्या घरात. आपल्या जत्रेतली किती तरी खेळणी आणि क्लिपा इथूनच निघालेल्या असतात. मुंबईचे आणि देशभरचे व्यापारी इथं खरेदीला येतात, काही तर कुटुंबासह तिथंच राहिले आहेत.

पण हा बाजार उभा कसा राहिला? इवूची जमीन हलकी. शेतकरी रिकाम्या दिवसांत खांद्यावर कावड घेऊन गावोगाव हिंडायचे, साखरेच्या वड्या द्यायचे आणि बदल्यात कोंबडीची पिसं घ्यायचे. चांगल्या पिसांचे झाडू, उरलेल्यांचं खत. आपल्याकडं जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण आठवते ना, अगदी तशीच रीत. पण त्या काळात सरकारी परवानगीशिवाय विकणं गुन्हा होता. माल जप्त व्हायचा.

१९८२ च्या मे महिन्यात फंग आयच्यान नावाच्या फेरीवाल्या बाईनं तालुक्याचा पक्षप्रमुख शिए गाओहुआ याला रस्त्यात गाठलं, आणि आम्हाला विकू का देत नाही, म्हणून जाब विचारला. तो अधिकारी रागावला नाही. त्यानं तिचं ऐकून घेतलं, चौकशी केली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इवूत किरकोळ वस्तूंचा बाजार रीतसर खुला झाला. वरून लेखी हुकूम नसताना त्यानं ही जोखीम घेतली. आज तिथं बाई आणि अधिकारी, दोघांचंही नाव घेतात. २०१४ च्या नोव्हेंबरात इवूहून स्पेनच्या माद्रिद शहरापर्यंत मालगाडी सुरू झाली, १३ हजार किलोमीटरची. कावडीपासून तिथपर्यंत बत्तीस वर्षं लागली.

तिथून माल आणायचा विचार कुणाच्या डोक्यात आला असेल तर थोडं थांबा. तिथं बहुतेक गाळ्यांवर माल खोक्यानं घ्यावा लागतो, नगावर नाही. आपल्याकडं आणायला आयात-निर्यात क्रमांक लागतो, वर जकात आणि जहाजाचं भाडं. खेळण्यांना २०२१ पासून आपल्या सरकारचं आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्याशिवायचा माल आणता किंवा विकता येत नाही. एखाद्या गटानं आणण्यापेक्षा, आपण काय बनवतो जे तिथून येऊ शकत नाही, हे शोधलेलं बरं.

आपल्यातलं कुणी जाणार असेल तर

कुणाचा मुलगा तिकडं डॉक्टरकी शिकतो, कुणाचा जावई कंपनीत आहे. भेटायला जायची वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा.

व्हिसा कामाप्रमाणं वेगळा. व्यापाराला एक, आणि तिथं शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या नातेवाइकाला भेटायला दुसरा. अर्जात कारण खरं तेच लिहावं. हॉटेलात न उतरता मुलाच्या घरी राहिलात तर चोवीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते.

रेल्वेचं तिकीट पासपोर्टवरच्या नावानं निघतं. साधारण पंधरा दिवस आधी विक्री सुरू होते. पासपोर्ट कायम जवळ ठेवा, फाटकावर तोच दाखवायचा. एकेका शहरात तीन-चार स्टेशनं असतात, पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशी. तिकिटावरचं पूर्ण नाव चिनी अक्षरांत लिहून घ्या आणि रिक्षा-टॅक्सीवाल्याला तेच दाखवा.

आत शिरताना सामान यंत्रातून जातं. सुरी-कात्री काढून घेतात. माणशी २० किलोपर्यंत सामान चालतं. फलाटावर आधी जाऊन बसता येत नाही. मोठ्या दालनात थांबायचं आणि गाडी यायच्या वेळी फाटक उघडतं. गाडी सुटायच्या काही मिनिटं आधी ते बंदही होतं, मग कितीही विनवलं तरी सोडत नाहीत. तासभर आधी पोचलेलं चांगलं.

रात्रीच्या गाडीत साधा स्लीपर आपल्यासारखाच, समोरासमोर तीन-तीन बर्थ. दार असलेला चार जणांचा डबा महाग. म्हाताऱ्या माणसाला खालचा बर्थ मागून घ्या. सहा वर्षांखालचं एक मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट, सहा ते चौदा वर्षांला अर्धं तिकीट.

जेवणाचं म्हणाल तर गाडीत गरम पाण्याची टाकी असते, पाणी फुकट. तिथली माणसं त्यातच चहाची पत्ती आणि शेवयांची वाटी भिजवतात. आपण चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी सोबत ठेवावी. शाकाहारी असाल तर “वो छ सू” म्हणा, म्हणजे मी शाकाहारी आहे. तरी कागदावर लिहून दाखवलेलं जास्त खात्रीचं.

आणि बीजिंगहून दक्षिणेला निघालात तर तासा-सव्वातासात शिच्याच्वांग हे स्टेशन लागतं. इथं आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचं स्मारक आहे. १९३८ साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून ते युद्धातल्या जखमींच्या सेवेला गेले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. मुलाचं नाव ठेवलं यिन्हुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ ला डॉक्टर गेले, वय अवघं ३२. क्वो छिंगलान पुढं अनेकदा भारतात, आपल्या सासरच्या माणसांना भेटायला आल्या. त्या २०१२ साली वारल्या. तिथली माणसं आजही या स्मारकावर फुलं वाहतात.

बैठकीत बोलण्यासाठी

मैत्रिणींनो, येत्या बैठकीत या तीन प्रश्नांवर बोला. आपल्या गावची एसटी बाजारच्या दिवशी, बाजाराच्या वेळेला आहे का, आणि नसेल तर आगारप्रमुखाकडं अर्ज कोण लिहिणार? कामासाठी बाहेरगावी गेलेल्या घरांतली किती मुलं गावात मागं राहिली आहेत, त्यांचं शाळेचं आणि आजारपणाचं कोण बघतं? आणि आपल्या गटातल्या कुणाला फंग आयच्यानसारखा एखादा प्रश्न साहेबांपुढं मांडायचा आहे का?

काय ठरलं ते आम्हाला कळवा. पुढच्या भागात वाचून दाखवू. नमस्कार.